अंगणात, गॅलरीत पक्ष्यांचं लाकडी घरटं: नाशिकमध्ये कुठे लावावं, कसं लावावं

प्रदर्शनात लाकडी घरटं दिसलं की घ्यावंसं वाटतं. घरी आणल्यावर भिंतीत जिथे खिळा मोकळा असेल तिथे ते अडकवलं जातं आणि मग वर्षभर रिकामं लटकत राहतं. नाशकात लावलेली कितीतरी घरटी अशीच वाया जातात याचं वाईट वाटतं, कारण लावणाऱ्याचा जीव त्यात खरोखर गुंतलेला असतो. चूक फक्त जागेची असते. पक्षी घर निवडताना तीन गोष्टी बघतो: आत ऊन तापतं का, पाणी येतं का, आणि मांजर किंवा कावळा पिल्लांपर्यंत पोहोचू शकतो का. घरटं कितीही साधं असलं तरी या तीन गोष्टी जमल्या तर तो येतो.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

घरटं विकत घेण्याआधी किंवा सुताराकडे जाण्याआधी आपल्या अंगणात कोण येतं ते पाहा. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. जो पक्षी परिसरात नाहीच, तो केवळ पेटी टांगली म्हणून येत नाही.

पंचवटीत, भद्रकालीत, जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमध्ये वाड्यांच्या वाशांत, कौलांखाली आणि भिंतीतल्या भोकांत चिमण्या पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. वाडा पडून तिथे सिमेंटची इमारत उभी राहिली की दाणापाणी मिळतं, पण बोट शिरेल एवढी फटही उरत नाही. अशा ठिकाणी पेटीचा खरा उपयोग होतो, कारण पक्षी आहेत आणि जागा तेवढी नाही. सिडकोतल्या दाट वस्तीतही हेच. गंगापूर रोडवरून सोमेश्वरकडे जाताना, देवळालीच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात, मखमलाबादच्या मळ्यांच्या कडेला झाडी आहे, तिथे चिमणीबरोबर दयाळ, राखी वल्गुली (एक छोटा राखाडी पक्षी) आणि साळुंकीही येऊ शकते.

बुलबुल, शिंजीर, शिंपी, होला, सुगरण हे पक्षी पेटीत कधीच घरटं करत नाहीत, हेही माहीत असू द्या. ते उघड्यावर, झुडपात किंवा फांदीवर स्वतःचं घरटं बांधतात. तुमच्याकडे बुलबुलच जास्त असतील तर पेटीचे पैसे वाचवा आणि मेंदी, जास्वंद किंवा कण्हेराचं दाट कुंपण वाढू द्या. बुलबुलासाठी तेच घर.

भोकाचं माप

पेटीत कोण राहणार हे तिच्या दाराचं भोक ठरवतं. चिमणीला सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर पुरतं. राखी वल्गुली चिमणीहून लहान, तिला एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दयाळाला दोन इंच लागतात आणि साळुंकीला दोन ते अडीच. साळुंकी दांडगी आहे, दयाळाच्या पेटीवरही हक्क सांगते, त्यामुळे दोन इंची भोकाची पेटी लावली तर कोण येईल ते तुमच्या हातात राहत नाही. दोघांपैकी कुणीही आलं तरी आनंदच माना.

चिमणीच्या पेटीला मात्र सव्वा इंचाच्या पुढे जाऊ नका. भोक दोन इंचांचं झालं की साळुंकी आत शिरून चिमणीचा संसार बाहेर फेकते. पारव्यांचा त्रास असलेल्या सोसायट्यांमध्ये शेजारी हमखास विचारतात, ‘घरटं लावलं की पारवे वाढतील का?’ सव्वा इंचातून पारवा आत शिरूच शकत नाही, हे त्यांना फुटपट्टी लावून दाखवा. पारवे येतात ते उघड्या फळीवर, कुंडीच्या मागे, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली.

भोकाखाली बसायला दांडी नको. बाजारातल्या बहुतेक घरट्यांना ती असते आणि दिसायलाही छान दिसते. भोकात घरटं करणाऱ्या पक्ष्यांना तिची गरज नसते, ते भोकाच्या कडेला धरून आत जातात. दांडीचा फायदा होतो तो कावळ्याला, कारण त्याला दारात आरामात उभं राहून आत चोच घालता येते. विकतच्या घरट्याला दांडी असेल तर ती कापून टाका.

पेटी करायची कशी

सुतारकामाची थोडी सवय असेल तर चिमणीची पेटी घरी होते. सहा इंच रुंद, पाऊण इंच जाडीची फळी पाच फूट घ्या. त्यातून मागची फळी १३ इंच, पुढची ८ इंच आणि तळ ६ इंच कापा. दोन्ही बाजूंच्या फळ्या मागच्या अंगाला १० आणि पुढच्या अंगाला ८ इंच, म्हणजे वरची कड उतरती. बाजू पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये बसतात, त्यामुळे तळाची रुंदी साडेचार इंच करून घ्यावी लागते. छतासाठी वेगळी फळी, ८ इंच रुंद आणि ९ इंच लांब, म्हणजे ती दारापुढे दोन इंच झुकते आणि दोन्ही बाजूंनाही थोडी बाहेर येते.

भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून दीड इंच खाली घ्या. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) असेल तर भोक गोल पडतं, नसेल तर सुताराकडून पाडून घ्या. कड कानशीने घासून गुळगुळीत करा. तळापासून भोकापर्यंत जवळपास पाच इंच खोली मिळायला हवी. पेटी उथळ असेल तर मांजर पंजा घालून पिल्लं ओढून काढतं, आणि पिल्लं मोठी होत आली की दारात गर्दी करून खालीही पडतात.

पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला, भोकाखाली, करवतीने आडव्या खाचा मारून ठेवा. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर पिल्लांच्या नख्यांना पकड मिळत नाही आणि उडायच्या दिवशी त्यांना वर चढता येत नाही. विकतच्या पेट्यांमध्ये हे जवळजवळ कधीच केलेलं नसतं. घरी आणलेल्या पेटीत जाडा सँडपेपर घासला तरी चालतं, पण घासल्यावर आतली धूळ झटकून टाका.

तळाला चार कोपऱ्यांत दोन-दोन सुतांची भोकं पाडा, पाणी शिरलंच तर निघून जाईल. तळाची फळी चारही बाजूंच्या आत, पाव इंच वर बसवा, म्हणजे भिंतींवरून ओघळणारं पाणी तिच्यात मुरत नाही. दोन्ही बाजूंना छताच्या लगेच खाली दोन-दोन बारीक भोकं हवेसाठी ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ती टाळून चालणार नाहीत. छत किंवा एक बाजू बिजागरीवर ठेवा आणि आकडा लावा, नाहीतर साफसफाईच्या वेळी पेटी फोडावी लागेल.

लाकूड कोणतं? सगळ्यात स्वस्त म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माल येतो त्या पॅलेटचं पाइन. फक्त पॅलेटवरचा शिक्का वाचून घ्या. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. जुन्या वाड्याच्या दारा-खिडक्यांचं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. कमर्शियल प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात, एमडीएफची तर लापशी होते. पत्र्याची पेटी नाशिकच्या एप्रिलमध्ये भट्टी बनते, तिच्यात पिल्लं अक्षरशः भाजतात. प्लास्टिकचा डबा किंवा कापलेली पाण्याची बाटली यांचंही तेच, आत हवा खेळत नाही आणि घामासारखं पाणी धरतं. जाड खोक्याच्या पुठ्ठ्याचं घरटं मुलांच्या कार्यशाळेत करायला छान, पण बाहेर ते एक वळीवही झेलत नाही.

आतून कसलाही रंग, वॉर्निश किंवा पॉलिश नको. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात देऊन पंधरा दिवस वास जाऊ द्या. रंगच द्यायचा असेल तर फिकट द्या, कारण गडद रंग ऊन ओढून घेतो. चकचकीत लाल-निळ्या पेट्या माणसांना आवडतात, पक्ष्याला मात्र आजूबाजूच्या भिंतीत मिसळून जाणारी जागा सुरक्षित वाटते.

जागा ठरवताना

आपल्याकडे पावसाळ्याचा मुख्य मारा पश्चिमेकडून, त्र्यंबक-इगतपुरीच्या अंगाने येतो. आणि दुपारनंतरचं रणरणतं ऊनही पश्चिमेचंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो तेव्हा पश्चिमेची भिंत रात्री नऊ वाजताही हाताला गरम लागते. त्यामुळे पेटीचं दार पूर्वेकडे, ईशान्येकडे किंवा उत्तरेकडे करा. पूर्वेचं कोवळं ऊन पिल्लांना सोसतं, हिवाळ्यात तर हवंहवंसं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा येतो तेव्हा उत्तरेच्या दारातून थंडी शिरते हे खरं, पण पिल्लांचा मुख्य हंगाम उन्हाळ्यात असतो, म्हणून तोल उन्हाच्या बाजूने जातो.

उत्तरेची भिंत निवडली तरी वर छज्जा हवाच. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नाशकात भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा उत्तर भिंतीवरही ऊन उतरतं. वळवाच्या पावसाला तर दिशाच नसते. छज्जा, गॅलरीचं छत, जिन्याचा कोपरा किंवा पत्र्याच्या शेडचा वासा यांपैकी काहीतरी वर असावं. पत्र्याच्या अगदी खाली मात्र लावू नका, तापलेल्या पत्र्याची धग खाली उतरते. मध्ये फूट-दीड फूट अंतर सोडा.

जागा ठरली की तिची परीक्षा घ्या. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला जा आणि नेमक्या त्या ठिकाणी भिंतीला तळहात लावा. हात काढून घ्यावासा वाटला तर ती जागा रद्द. थंडीत पेटी लावत असाल तर ही परीक्षा तेव्हा घेता येत नाही, म्हणून मार्चअखेरीला परत एकदा हात लावून पाहा, आणि पेटीत अजून कुणी आलेलं नसेल तर तिला गार भिंतीवर हलवा. कुणी आलं असेल तर पेटीला धक्का लावू नका, वर गोणपाट किंवा हिरव्या शेडनेटचा तुकडा ताणून सावली करा. दार मोकळं राहील एवढं बघा.

उंची आठ ते बारा फूट. मांजर जिथे उडी मारून पोहोचेल अशी भिंतीची कड, पाण्याची टाकी, खिडकीचा गज, लोखंडी जिना पेटीच्या जवळ नको. अंगणातल्या बोक्याचा रस्ता एकदा नीट पाहून घ्या. तो रोज ठरलेल्या कठड्यावरूनच जातो. खारींकडेही लक्ष असू द्या. त्या अंडी खातात आणि सव्वा इंचाचं भोक कुरतडून मोठंही करतात. भोकाभोवती पत्र्याची गोल चकती ठोकली की कुरतडणं थांबतं. चकतीची कड मात्र भोकाच्या आत येऊ देऊ नका, पक्ष्याची छाती कापते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पारव्यांसाठी लावलेली जाळी. पेटी जाळीच्या आत लावली तर चिमणी येणार कुठून? ती बाहेरच्या भिंतीवर घ्या, पण लावताना आणि पुढे साफ करताना तुमचा हात सुरक्षित पोहोचेल अशीच. चौथ्या मजल्यावर गॅलरीबाहेर वाकून हे काम करू नका, त्यापेक्षा सोसायटीच्या जिन्यात किंवा पार्किंगच्या खांबावर जागा मागा. पार्किंग ही चिमणीची फार आवडती जागा आहे, गार असते आणि वर स्लॅब असतो. दुसरी गोष्ट एसीचं बाहेरचं युनिट, त्याच्यापासून लांब राहा, गरम हवा आणि कंप दोन्ही वाईट. तिसरी गोष्ट पंखा. गॅलरीत किंवा पडवीत छताचा पंखा असेल तर तिथे पेटी लावूच नका, दाराकडे झेपावणारी चिमणी सरळ पात्यात जाते.

झाडावर लावायची असेल तर खिळे ठोकू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रुंद पट्टीने खोडाला बांधा आणि दर वर्षी ती सैल करा, नाहीतर खोड वाढताना साल कापली जाते. कडुनिंब, आंबा, शिरीष चांगले. बांधण्याआधी खोडावर मुंग्यांची रांग लागलेली नाही ना ते बघा, लाल मुंग्या नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मारतात. पेटी किंचित पुढे झुकलेली असावी म्हणजे पाऊस दारातून आत येत नाही. फांदीला दोरीने लटकवलेली, वाऱ्याने हिंदकळणारी पेटी चिमणीला पसंत पडत नाही.

भिंतीवर बसवणं

ड्रिलने भोक पाडून रावल प्लग (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची खुंटी) घाला आणि मागच्या फळीच्या वरून-खालून एकेक असे दोन स्क्रू लावा. एका खिळ्यावर टांगलेली पेटी वाऱ्याने भिंतीवर आपटत राहते. गंजणार नाहीत असे स्क्रू घ्या. चिमण्या जवळजवळ राहतात, म्हणून तीन-चार फुटांवर दोन-तीन पेट्या लावल्या तर उलट जास्त बरं. दयाळ मात्र आपल्या हद्दीत दुसऱ्याला थारा देत नाही, त्याची एका अंगणात एकच पेटी.

आत गवत, कापूस काहीही भरू नका. ते काम त्यांचं. हवं तर अंगणात वाळलेलं गवत, काथ्याचे तुकडे पडू द्या. नायलॉनचा दोरा, मांजा, केस यांचा तुकडाही ठेवू नका. संक्रांतीनंतर झाडांवर, तारांवर मांजा लोंबत राहतो, पक्षी तो उचलून घरट्यात विणतात आणि पिल्लांचे पाय त्यात अडकून कापले जातात. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी तो दर जानेवारीत दिसतो, म्हणून संक्रांत झाली की आपल्या गल्लीतला मांजा काढून कात्रीने बारीक करून टाकणं हा पेटी लावण्याचाच एक भाग समजा.

कधी लावावी

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ उत्तम. चिमणी आपल्याकडे जवळजवळ वर्षभर घरटं करते, पण जोर फेब्रुवारीपासून येतो. दयाळाचा हंगाम मार्च ते जुलै. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. २०१० पासून तो साजरा होतो आणि त्यामागे आपल्याच नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे. त्या दिवशी शाळा-सोसायट्यांमध्ये घरटी वाटली जातात. पण मार्चपर्यंत कितीतरी जोड्यांनी जागा ठरवलेली असते. दिवस जरूर साजरा करा, पेटी त्याआधी दोन महिने लावा.

कुणी आलं तर

आधी नर येतो. पेटीच्या दाराला लटकतो, डोकं आत घालतो, काढतो, पुन्हा घालतो, मग दारातच बसून चिवचिव करत राहतो. मादी जवळच्या तारेवरून बघत असते. पसंत पडलं की काड्या सुरू होतात. लांब काडी चोचीत आडवी धरून ती दाराशी येते, काडी भोकाच्या दोन्ही कडांना अडते, ती मागे होते, पुन्हा प्रयत्न करते, आणि शेवटी काडी टोकाला धरून सरळ आत ओढून घेते. हे बघायला मिळालं की पुढचा दीड महिना पेटी उघडायची नाही, टॉर्च मारायचा नाही, जवळ मोबाइल न्यायचा नाही.

तीन ते पाच अंडी, साधारण दोन आठवडे उबवणं, आणि पिल्लं बाहेर पडायला आणखी दोन आठवडे. या दिवसांत पिल्लांना दाणे चालत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. म्हणून या काळात अंगणात कीटकनाशक फवारू नका. गुलाबावर मावा पडला तर पडू द्या, चिमणी तोही वेचते. पाण्याचं मातीचं पसरट भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला. भांडं आणि दाणे पेटीपासून दहा-पंधरा फूट लांब असू द्या, कारण त्यांच्यामागे कावळे आणि मांजरं येतात.

पिल्लू खाली पडलं आणि अंगावर पिसं नसतील तर हलकेच उचलून पेटीत परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा गैरसमज आहे. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते उडायला शिकतंय, त्याला जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि मांजर घरात बंद करा. आई-वडील खाली येऊन त्याला भरवतात. जखमी असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. पिल्लू पिंजऱ्यात घालून पाळू नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते चालत नाही. वापरात असलेलं घरटं काढून टाकणं किंवा अंडी हलवणं हाही गुन्हाच, शेजारी घाणीची तक्रार करत असले तरी. घाणीचा प्रश्न पेटीखाली वर्तमानपत्र किंवा ट्रे ठेवून सुटतो.

साफसफाई, आणि पेटी रिकामीच राहिली तर

पिल्लं उडून गेली की आठवडाभर थांबा. चिमणी त्याच पेटीत लगेच दुसरी वीण घालू शकते, म्हणून उघडल्यावर अंडी दिसली तर तशीच बंद करा. रिकामं असेल तर तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून जुनं घरटं काढा, त्यात बारीक पिसवा असतात. उकळतं पाणी ओतून पेटी धुवा आणि कडक उन्हात वाळवा. फिनेल, डांबरगोळ्या, कीटकनाशक पावडर यातलं काही नको. पावसाळा संपल्यावर स्क्रू, बिजागरी आणि छताचा जोड तपासा, तळाची भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा.

पहिल्या वर्षी कुणी आलं नाही आणि भिंत तापत नसेल तर काहीही हलवू नका, पक्ष्यांना जागेची सवय व्हायला वेळ लागतो. दुसरा हंगामही रिकामा गेला तर आधी सावली तपासा, मग मांजराचा रस्ता, मग भोकाचं माप. या तिन्हींत दोष नसेल तर पेटी घराच्या दुसऱ्या भिंतीवर न्या, आणि तिथून चिमण्या रोज जिथे बसतात ती तार किंवा कठडा दिसतो ना, एवढं बघून लावा.